पन्नाशीत समुद्रावर वल्हवायला काय हरकत आहे?

वल्हवणं हा दंडाच्या ताकदीचा, म्हणजे तरुणांचा खेळ, हा समज मुळातच चुकीचा आहे. सरकत्या बैठकीच्या नावेत खरा जोर पायांचा असतो: आधी पाय रेटायचे, मग कंबरेतून मागे झुकायचं, हात सगळ्यात शेवटी. वजन बैठकीवर असल्याने धावताना गुडघ्यांना बसतात तसे हादरे इथे बसत नाहीत, आणि दमसास मात्र भरपूर वाढतो. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधल्या चार आयांनी मध्यमवयात वल्हं हाती धरलं आणि 2016 मध्ये 67 दिवसांत अटलांटिक पार केला. फ्रँक रॉथवेल नावाच्या गृहस्थांनी तोच महासागर 2021 मध्ये एकट्याने ओलांडला, वयाच्या सत्तरीत!

कंबर धरेल, ही शंका रास्त आहे. वल्हवणाऱ्यांना पाठीचंच दुखणं जास्त होतं. पण बहुतेकदा पाठ गोल करून ओढल्याने किंवा सराव एकदम वाढवल्याने. म्हणून सुरुवात रोइंग मशीनवर, मग शांत पाण्यात, समुद्र त्यानंतर. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. पोहायला शिका, आणि लाइफ जॅकेटशिवाय नावेत पाऊल टाकू नका.