शंभरचा पिकअप, वीसची चाल

६.७ सेकंदांत शून्यावरून शंभर. चाकणला तयार होणाऱ्या महिंद्राच्या बीई ६ या गाडीचा, मोठ्या बॅटरीच्या आवृत्तीचा, हा कंपनीने सांगितलेला आकडा. टाटांची चारही चाकांना ताकद देणारी हॅरियर ईव्ही ६.३ सेकंद सांगते. बीवायडी सीलची सगळ्यात तगडी आवृत्ती तर ३.८. एकेकाळी असे आकडे महागड्या जर्मन गाड्यांच्या माहितीपत्रकातच दिसायचे. आता त्या तोडीच्या गाड्या मुंबईत कांदिवली-मुलुंडच्या सोसायट्यांमध्ये उभ्या असतात आणि त्यांचे मालक रोज सकाळी वेस्टर्न किंवा ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेवरून ताशी वीस-पंचवीसच्या चालीने वांद्रे-कुर्ला संकुल (बीकेसी) गाठतात. एवढ्या ताकदीचं करायचं काय, आणि हीच गाडी सुट्टीत कोकणात नेता येईल का, हे दोन प्रश्न मग आपोआप येतात.

आधी ही ताकद येते कुठून ते पाहू. पेट्रोल गाडीत पिकअप आणि ॲव्हरेज यांचं जुनं वैर आहे. मोठं इंजिन सिग्नलला उभं असतानाही पेट्रोल पितं आणि रांगत चालताना तर फारच उधळतं. विजेच्या मोटरचं तसं नाही. गाडी उभी असेल तर मोटर काही खात नाही. हळू चालवली तर साधारण तेवढ्यापुरतीच वीज घेते. शिवाय ताकद नुसत्या मोटरची नसते, बॅटरीचीही असते. बॅटरीत सेल जास्त, तर एका क्षणी मिळणारी वीजही जास्त. बीई ६ मध्ये हे उघड दिसतं. ५९ किलोवॅट-तासांच्या बॅटरीसोबत १७० किलोवॅटची ताकद मिळते, ७९ च्या बॅटरीसोबत २१०. (किलोवॅट-तास म्हणजे आपल्या लाइट बिलावरचं युनिटच.) म्हणजे कंपनीने लांब पल्ल्यासाठी मोठी बॅटरी बसवली, की वेग जवळजवळ फुकटात पदरात पडतो. म्हणून विजेच्या गाडीत ‘परफॉर्मन्स’ ही चैन वाटली तरी रोजच्या खर्चात ती फारशी दिसत नाही. दिसतं ते वजन. बॅटरीसकट या गाड्या दोन टनांच्या आसपास किंवा त्याहून जड असतात आणि पुढच्या बऱ्याचशा भानगडी या वजनातून येतात.

बोरिवली ते बीकेसी जाऊन-येऊन ४५ किलोमीटर धरू. अशा जड गाडीला गर्दीत किलोमीटरमागे १७० वॅट-तास लागले, तर दिवसाला साडेसात-आठ युनिट. युनिटला १० रुपये धरले तरी ८० रुपये. याच ताकदीची पेट्रोल गाडी ट्रॅफिकमध्ये लिटरला दहा किलोमीटर दिली तरी नशीब. तिथे साडेचार लिटर जातात आणि मुंबईत पेट्रोल शंभरी ओलांडून आहे.

या आठ युनिटांची फोड केली तर गंमत कळते. ताशी वीसच्या चालीला हवेचा विरोध नगण्य. टायर रस्त्यावर फिरते ठेवण्यात किलोमीटरमागे साधारण ६० वॅट-तास जातात. आणि मे महिन्यात एसी दीड किलोवॅट ओढत असेल तर? त्या चालीला तो किलोमीटरमागे ७५ वॅट-तास खातो. टायर फिरते ठेवण्यापेक्षा आतली हवा गार ठेवण्यावर जास्त खर्च! जोगेश्वरी-विक्रोळी लिंक रोडवर तासभर अडकलात तर बॅटरीतून दीड-दोन युनिट गेले, एवढंच. ७९ युनिटच्या टाकीला ते काही जड नाही. ‘जॅममध्ये बॅटरी संपली तर’ ही भीती या आकाराच्या बॅटरीत बिनबुडाची आहे.

उरलेली वीज थांबण्या-निघण्यात जाते. २२०० किलोची गाडी ताशी ३५ ला आणायला सुमारे २९ वॅट-तास लागतात. ब्रेक मारला की पेट्रोल गाडीत ते सगळं उष्णता होऊन उडून जातं. इथे ॲक्सिलरेटरवरून पाय काढला की मोटरच जनित्र होते आणि त्यातला मोठा भाग बॅटरीत परत येतो. गचके खात जाणाऱ्या रस्त्यावर एकाच पेडलने गाडी हाकता येते, घोट्याला आराम मिळतो. रोजच्या प्रवासात मला या गाडीचं खरं सुख तेच वाटतं. पिकअपचा उपयोग होतो तो हायवेच्या रॅम्पवरून वाहत्या गाड्यांत शिरताना, तेही दोन सेकंदांपुरता. प्रत्येक सिग्नलला पाय दाबून निघण्याची हौस मात्र महागात पडते. विद्युतप्रवाह दुप्पट झाला की तारांत आणि सेलमध्ये होणारी उष्णता चौपट होते, आणि जड गाडीचा जोर झेलणारे टायर लवकर झिजतात.

टायरांवरून आठवलं. शोरूममध्ये २० इंची रिम देखणे दिसतात. जुलैत लिंक रोडच्या खड्ड्यात त्यावरचा पातळ कडेचा टायर फुगतो आणि रिमला बाक येतो. लहान रिम घ्या, रेंजही थोडी वाढते. जमिनीपासूनची उंचीही पाहा. सीलची १४५ मिलिमीटर आहे, बीई ६ ची २०७. गल्लीतले बेकायदा स्पीडब्रेकर आणि तळघरात उतरणारा रॅम्प यांच्यासमोर हा फरक फार मोठा ठरतो. पाण्याचं म्हणाल तर बॅटरीचा डबा चांगला सीलबंद असतो. आयपी ६७ दर्जा म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास टिकणं. पण ही चाचणी स्थिर, स्वच्छ पाण्यातली. अंधेरी सबवे तुंबलेला असताना विजेच्या गाडीनेही तो टाळावाच.

इथपर्यंत गाडीचं झालं. उपनगरात खरा प्रश्न पार्किंगचा आहे. आठ युनिट भरायला भलामोठा चार्जर लागत नाही. साध्या १५ अँपिअरच्या पॉइंटवरून तीन किलोवॅटच्या आसपास वीज मिळते, म्हणजे रात्री तीन तास पुरे. ७.२ किलोवॅटचा चार्जर असेल तर काम तासाभरात होतं. पण तो पॉइंट तुमच्या जागेवर, तुमच्या मीटरमधून हवा. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या २०२४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार घरच्या चालू जोडणीवरून गाडी चार्ज करायला मुभा आहे. अंधेरी-बोरिवलीत अदानी किंवा टाटा पॉवर, मुलुंड-भांडुपला महावितरण. वीज कुणाचीही असो, घरचा मंजूर भार पुरेल का आणि मीटर केबिनपासून तुमच्या जागेपर्यंत केबल किती लांब जाईल, हे इलेक्ट्रिशियनकडून आधी पाहून घ्यावं. अर्थिंग तपासून घ्यावं. जुन्या इमारतीत ते नावापुरतंच असू शकतं.

पुनर्विकासातून उभ्या राहिलेल्या टॉवरांत आणखी एक अडचण आहे, ती म्हणजे स्टॅक पार्किंग. वरखाली सरकणाऱ्या तबकावर चार्जिंगची केबल न्यायची कशी, हा एक प्रश्न. दुसरा वजनाचा. यंत्रावरच्या पाटीवर प्रत्येक तबकाची वजनमर्यादा लिहिलेली असते आणि ती दोन टनांची असेल तर आपली गाडी तिथे चढणारच नाही. उंचीची मर्यादाही एसयूव्हीला आडवी येते. गाडीच्या माहितीपत्रकाआधी ही पाटी वाचावी.

आता लांबचा पल्ला. ताशी ८० च्या वर मामला बदलतो, कारण हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. अशा दोन टनी एसयूव्हीचा माझा हिशेब असा येतो: ८० ला किलोमीटरमागे सुमारे १५० वॅट-तास, १०० ला १८०, १२० ला २३०. ७९ युनिटमध्ये अनुक्रमे सव्वापाचशे, चारशे तीस-चाळीस आणि जेमतेम साडेतीनशे किलोमीटर. अधिकृत चाचणीत हीच बॅटरी ६८० च्या वर दाखवते. तो आकडा मनातून काढूनच टाकावा. जी गाडी पळवायला घेतली तीच पळवली की लवकर दमते.

पुणे आणि नाशिक चिंतेत धरूच नका, एका चार्जमध्ये जाऊन-येऊन होतं. बोरघाटाची भीती मात्र बऱ्याच जणांना असते. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत साडेपाचशे मीटरची चढण आहे. २२०० किलो तेवढे वर नेण्यासाठी लागतात सव्वातीनच्या वर युनिट, गळती धरून चार. पेट्रोल गाडी जिथे गिअर उतरवून धापा टाकते तिथे ही निवांत चढते. परतताना उतारावर दीड-दोन युनिट परत मिळतात, पण बॅटरीत जागा असेल तर. लोणावळ्यात शंभर टक्के भरून घाट उतरलात, तर ती वीज घ्यायला जागाच नाही आणि सगळा भार साध्या ब्रेकवर येतो.

कोकणाला आणि समृद्धी महामार्गाला नियोजन लागतं. हायवेवरच्या चार्जरची ताकद पाहा, गाडीची नव्हे. बीई ६ ला १७५ किलोवॅटचा चार्जर मिळाला तर २० ते ८० टक्के २० मिनिटांत होतं असं कंपनी सांगते. ६० किलोवॅटच्या चार्जरवर त्याच ४७ युनिटांना पाऊण तासावर लागेल आणि चार्जरची दुसरी गन शेजारच्याने लावली तर वीज विभागली जाऊन दीड तास. ८० टक्क्यांनंतर वेग आपसूक मंदावतो, म्हणून तिथेच गन काढून निघावं. अंधेरीहून सावंतवाडी पाचशेच्या आसपास आहे. मुंबई-गोवा महामार्ग तुम्हाला शंभरने पळू देतच नाही, त्यामुळे एक नीट थांबा पुरतो. गणपतीच्या आदल्या दिवशी मात्र सगळे चाकरमानी एकाच रस्त्यावर असतात. तेव्हा चार्जरपुढच्या रांगेचा वेळ धरूनच निघावं. ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवर १२० ची परवानगी आहे, पण शंभरने गेलात तर एक थांबा वाचतो आणि वाढलेल्या वेळातला काही भाग भरून निघतो. आणखी एक, या जातीच्या अनेक गाड्यांत स्टेपनीच नसते. पंक्चर किट आणि हवेचा पंप डिकीत आहे का ते पाहा.

टोलचा फायदा खराखुरा आहे. राज्याच्या २०२५ च्या धोरणाने मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी आणि अटल सेतूवर विजेच्या गाड्यांना टोलमाफी दिली. द्रुतगती मार्गावर मोटारीचे एका बाजूचे ३२० रुपये वाचतात. (अटल सेतू मुलुंडकराच्या वाटेवर येतच नाही, तो दक्षिण मुंबईकरांनी साजरा करावा.) ३० लाखांवरच्या विजेच्या गाड्यांवर सहा टक्के कर लावण्याचा अर्थसंकल्पातला प्रस्तावही सरकारने मार्च २०२५ मध्ये मागे घेतला.

माझं मत विचाराल तर हक्काची जमिनीवरची पार्किंग आणि तिथे स्वतःच्या मीटरची वायर असलेल्याने ही गाडी जरूर घ्यावी. एका मोटरची, मोठ्या बॅटरीची आणि लहान रिमची. दुसऱ्या मोटरचे पैसे आपल्या रस्त्यांवर वसूल होत नाहीत. स्टॅक पार्किंगमध्ये किंवा रस्त्यावर गाडी लावणाऱ्याने तूर्त थांबावं. रोज सार्वजनिक चार्जरपुढे रांग लावून हे सुख मिळत नाही. आणि बुकिंगची रक्कम भरण्याआधी चार्जिंग पॉइंटसाठी सोसायटीचं ना हरकत पत्र सही-शिक्क्यासह हातात घ्या.