तांबडा डाग आणि त्याचे निदान

नांदेड-लातूरकडील खेड्यांतून तान्ह्या मुलाच्या अंगावर तांबडा डाग वा फुगीर गाठ दिसली, की गरोदरपणी ग्रहण न पाळल्याचा ठपका अनेकदा आईवर येतो. वस्तुतः ग्रहणाचा या विकाराशी काडीमात्र संबंध नाही, हे प्रथम निःसंदिग्धपणे सांगणे अगत्याचे आहे.

मलिकेन आणि ग्लोवाकी या संशोधकांनी १९८२ मध्ये रक्तवाहिन्यांच्या अशा विकारांचे दोन वर्ग केले. हिमँजिओमा (रक्तवाहिन्यांच्या पेशींची, कर्करोग नसलेली गाठ) बहुधा जन्मानंतर काही आठवड्यांत दिसू लागतो, काही महिने झपाट्याने वाढतो आणि पुढे वर्षानुवर्षे हळूहळू ओसरतो. उलट रक्तवाहिन्यांची सदोष रचना जन्मजात असते, मुलाबरोबर वाढते आणि आपोआप नाहीशी होत नाही. पावसात माजलेले तण यथाकाल वाळते, परंतु चुकीचा खोदलेला पाट तसाच राहतो, तद्वत् हा भेद होय.

म्हणूनच डाग केव्हा दिसला व किती वेगाने वाढला, ही आईने दिलेली हकीकत निदानाचा पहिला पुरावा ठरते. मग डॉक्टर गाठ दाबून पाहतात, तिची ऊब व स्पंदन तपासतात. शंका उरल्यास डॉप्लर सोनोग्राफी (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाहाची तपासणी) करतात. तपासणीसाठी गाठीचा तुकडा काढण्याची वेळ क्वचितच येते.

सर्वच डाग आपोआप जातात, हा समजही घातक आहे. डोळ्याजवळील, ओठावरील वा व्रण पडलेल्या गाठीस विलंब परवडत नाही; हिमँजिओमावर प्रोप्रॅनोलॉल या औषधाचा गुण २००८ पासून ज्ञात आहे. तेव्हा गाठीवर बिब्बा न लावता, मुलाची जुनी छायाचित्रे घेऊन नांदेड वा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय वेळीच गाठावे.