घरचे वळण आणि उद्योगाचे दान : बंगळूरमधील काही आत्मपर कथने

मराठीत ‘वळण’ हा शब्द अक्षरालाही लागतो आणि माणसालाही. दोन्ही ठिकाणी एक गृहीत असते : लहानपणी कुणीतरी हात धरून जे गिरवून घेतले, तेच पुढे आपोआप उमटत राहते. उद्योगपतींच्या दातृत्वाविषयी लिहिताना हेच गृहीत सर्रास वापरले जाते. पैसा कमावणारा माणूस तो वाटू का लागला, या प्रश्नाचे उत्तर घरातून आणले जाते : आईने असे शिकवले, आजोबा असे होते. समाजशास्त्र या उत्तराचे काय करील हा वेगळा विषय आहे. साहित्याच्या अभ्यासकासाठी महत्त्वाची गोष्ट अशी की, हे उत्तर नेहमी गोष्टीच्या रूपात येते आणि ती गोष्ट बहुधा फार पुढे, संस्था उभी राहत असताना किंवा राहिल्यानंतर, सांगितली जाते.

येथे एक भेद आधीच करायला हवा. कंपनी कायदा, 2013 मधील कलम 135 अन्वये ठरावीक आकाराच्या कंपन्यांना मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्च करावे लागतात. हे कलम 1 एप्रिल 2014 पासून लागू झाले. कोणती कामे त्यात मोजायची याची यादी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात आहे. त्या यादीत शिक्षण, आरोग्य, पर्यावरण आहे, आजी नाही. कंपनीचा पैसा भागधारकांचा असतो आणि संस्थापकाच्या घरचे संस्कार त्या पैशाला थेट लागू होत नाहीत. व्यक्तिगत संपत्तीतून केलेले दान निराळे. बंगळूरमध्ये हे दोन्ही प्रकार शेजारी नांदतात आणि लोकांच्या बोलण्यात एकमेकांत मिसळतात. त्या सरमिसळीला घरच्या गोष्टींचा मोठाच हातभार लागलेला आहे.

यांतली सर्वांत जास्त वाचली गेलेली गोष्ट सुधा मूर्तींची. त्या 1996 पासून इन्फोसिस फाउंडेशनच्या कामात होत्या आणि 2021 च्या अखेरीस अध्यक्षपदावरून निवृत्त झाल्या. मराठी वाचकाला त्या मुख्यतः लीना सोहोनी यांच्या अनुवादांतून ठाऊक आहेत. शिग्गावच्या आजीला अक्षरओळख करून देण्याची त्यांची आठवण प्रसिद्ध आहे. नात गावाला गेली असताना ‘कर्मवीर’ साप्ताहिकाचा अंक येतो. त्यात त्रिवेणी यांची ‘काशीयात्रे’ ही कादंबरी क्रमशः छापली जात असते. आजीला ती वाचता येत नाही. बासष्टाव्या वर्षी ती शिकायचे ठरवते, दसऱ्यापर्यंत वाचू लागते आणि बारा वर्षांच्या नातीच्या पाया पडते, कारण नात तिची गुरू झालेली असते.

या आठवणीतून ‘शिक्षणाचे महत्त्व’ काढून पुढे जाणे सोपे आहे, आणि पाठ्यपुस्तकांनी तेच केले. परंतु आजीला वेड लावणारी कादंबरी कशाविषयी आहे? तिच्यातील म्हातारी काशीला जाण्यासाठी आयुष्यभर पैसे साठवते आणि शेवटी ते एका अनाथ मुलीच्या लग्नासाठी देऊन टाकते. म्हणजे दानाचा धडा घरात जन्मलेला नाही. तो टपालाने घरी आला आहे. म्हैसूरच्या एका लेखिकेने लिहिलेला, साप्ताहिकाने छापलेला, आजीने ऐकलेला आणि नातीने वाचून दाखवलेला तो धडा आहे. ज्याला आपण घरचा संस्कार म्हणतो त्याची एक बाजू अशी छापील आहे. (याच मुलुखातून उद्योगाला सुरुवात केलेल्या किर्लोस्करांच्या घराण्याने 1920 मध्ये मासिक काढले आणि 1930 मध्ये ‘स्त्री’, उद्योग व नियतकालिक यांचे नाते येथे नवे नाही.) शिवाय येथे वळण लावणारी धाकटी आहे. फाउंडेशनच्या उगमाची जी हकिकत सुधा मूर्ती सांगतात, तीतही आईला विचारात पाडणारा प्रश्न मुलगीच विचारते. संस्कार वरून खाली वाहतात हे गृहीत या दोन्ही कथनांत उलटे झाले आहे, आणि त्यांची गोडी बहुधा त्यातच आहे.

अझीम प्रेमजींचे कथन याच्या तुलनेत कोरडे आहे. त्यांच्या वडिलांनी 1945 मध्ये अमळनेरला वनस्पती तुपाचा कारखाना काढला. 1966 मध्ये वडील गेले आणि एकविसाव्या वर्षी मुलगा स्टॅनफर्डहून परत आला. विप्रोचे मूळ खानदेशात आहे. परंतु 2013 मध्ये संपत्तिदानाच्या जागतिक प्रतिज्ञेवर सही करताना लिहिलेल्या पत्रात त्यांनी सर्वांत मोठा प्रभाव म्हणून आईचे नाव घेतले. डॉ. गुलबानू प्रेमजींनी मुंबईत पोलिओग्रस्त मुलांच्या रुग्णालयासाठी आयुष्य वेचले. उद्योग वडिलांकडून, दान आईकडून अशी वाटणी येथे सरळ दिसते. मूर्तींच्या घरातही ती आहे. पती-पत्नींपैकी एकानेच कंपनीत काम करावे असे ठरल्यामुळे सुधा मूर्ती कंपनीबाहेर राहिल्या. दानाचे खाते स्त्रीकडे सोपवण्याची ही रीत संस्कारकथेला सोयीची पडते, आणि ती रीत कशी पडली हा प्रश्न कथेत येत नाही.

तिसरे उदाहरण मराठी घराचे आहे. मुंबईत वाढलेल्या रोहिणी निलेकणी माहेरच्या सोमण. इन्फोसिसच्या आरंभी त्यांनी आपल्या बचतीचे दहा हजार रुपये त्या कंपनीत घातले, आणि त्यातून आलेल्या संपत्तीतून 2005 मध्ये पाण्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्या ‘अर्घ्यम्’ला शंभर कोटी रुपयांचा निधी दिला. आपल्या लेखांत व भाषणांत त्या आजोबांचा दाखला देतात : बेळगावचे वकील बाबासाहेब सोमण, जे 1917 मध्ये गांधीजींच्या हाकेला ओ देऊन चंपारणला गेले.

हे आजोबा दुसऱ्या एका ग्रंथातही भेटतात. गांधीजींच्या आत्मकथेत भितिहरवा येथील शाळा सोमण आणि कस्तुरबा यांच्याकडे आहे. बांबू आणि गवताची ती झोपडी एका रात्री जळते. कुणीतरी जाळली असावी असा संशय आहे. सोमण पक्के घर बांधायचे ठरवतात, स्वतः राबतात, त्यांचे पाहून इतर लोक हात लावतात आणि विटांचे घर उभे राहते. गांधीजींनी त्यांच्या वकिलीचे किंवा त्यागाचे वर्णन केलेले नाही. फक्त त्यांच्या कष्टांचा संसर्ग इतरांना झाला एवढे नोंदवले आहे. नातीच्या कथनात हाच माणूस समाजासाठी घर सोडणाऱ्या पिढीचे प्रतीक होतो. त्यांच्या 2022 मधील पुस्तकाच्या शीर्षकात समाज, सरकार आणि बाजार या तिघांत समाजाला पहिले स्थान आहे, त्यामागे ही स्मृती उभी आहे. मात्र विटा वाहणारा हात प्रतीकात पुसट होतो.

चंपारणच्या खर्चाची व्यवस्थाही त्याच आत्मकथेत आहे. चंपारणच्या रयतेकडून पैसा घ्यायचा नाही. बिहारमधील बाहेरच्या सुखवस्तू लोकांकडून मिळेल तो घ्यायचा, आणि कमी पडला तर रंगूनचे डॉ. प्राणजीवन मेहता देतील. हिऱ्यांचा व्यापार करणाऱ्या मेहतांनी लागेल तेवढे देण्याचे तत्काळ मान्य केले. कार्यभूमिकेने पाहिले तर बंगळूरच्या दात्याचे नाते सोमणांपेक्षा या मेहतांशी अधिक जुळते : दूर राहून, विश्वासाने, काम करणाऱ्याला पैशाच्या काळजीतून मोकळे करणारा माणूस. तरीही पूर्वज म्हणून स्मरण सोमणांचेच होते. रक्ताचे नाते हे त्याचे उघड कारण आहे. दुसरे कारण असे की, पैसा पुरवणाऱ्याची गोष्ट सांगण्याची रीत मराठीत फारशी रुजली नाही. संताची, सैनिकाची, कार्यकर्त्याची रुजली. रोहिणी निलेकणींनी ‘प्रथम बुक्स’साठी ‘शृंगेरी श्रीनिवास’च्या मुलांसाठीच्या गोष्टी लिहिल्या आणि त्या अनेक भारतीय भाषांत गेल्या. आजोबांच्या विटांशी थेट तुलना करण्याजोगे त्यांच्या कामात काही असेल तर ते निधीपेक्षा हे लेखन आहे. आश्चर्य एवढेच की, आजोबांची आठवण सांगताना ते पुढे येत नाही.