मुळशीचे बहुवर्षायू रानअन्न : डोंगरातून बांधावर

पुणे जिल्ह्यातील मुळशी तालुका पूर्वेला हिंजवडीच्या आयटी पार्कपाशी सुरू होतो आणि पश्चिमेला ताम्हिणी घाटात सह्याद्रीच्या कड्याला जाऊन भिडतो. पुणे शहरात वर्षाला सरासरी सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर ताम्हिणीच्या परिसरात तो पाच हजार मिलिमीटरच्याही पुढे जातो. मात्र हा सारा पाऊस चार महिन्यांत पडून जातो आणि उरलेले आठ महिने डोंगरउतारांवरील पातळ माती कोरडी राहते. अशा हवामानात तग धरण्यासाठी येथील अनेक वनस्पती पावसाळ्यात पानांनी तयार केलेले अन्न जमिनीखालच्या कंदात साठवतात, हिवाळा-उन्हाळा त्या कंदाच्या रूपानेच काढतात आणि पुढच्या पावसाच्या चाहुलीने त्यातूनच पुन्हा उगवतात. वर्षानुवर्षे अशा रीतीने जगणाऱ्या वनस्पतींना बहुवर्षायू म्हणतात. गेल्या वर्षीचे भात सरत आलेले आणि नवे पीक अजून दूर, अशा आषाढ-श्रावणात तालुक्यातील कातकरी, महादेव कोळी, धनगर आणि शेतकरी कुटुंबांना ज्या रानभाज्यांनी आधार दिला, त्यांतील कित्येक याच गटातील आहेत.

शेवळाचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. सुरणाच्या कुळातील या वनस्पतीचा फुलोरा पावसाच्या तोंडावर, पाने फुटण्यापूर्वीच जमिनीतून वर येतो आणि हा कोवळा फुलोराच भाजी म्हणून खाल्ला जातो. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात आणि ते तोंडाला व घशाला टोचल्यामुळे खाज सुटते; म्हणून जाणत्या बायका फुलोऱ्याचा खाजरा भाग काढून टाकतात आणि उरलेला भाग काकड या झाडाची आंबट फळे, चिंच किंवा आमसूल घालून नीट शिजवतात. फुलोरा खुडला तरी कंद जमिनीत शाबूत राहतो आणि नंतर येणारे पान त्याला पोसते. परंतु एकाच जागेवरचे सगळे फुलोरे दरवर्षी खुडले गेले, तर बी धरत नाही आणि नवी रोपे तयार होत नाहीत.

फोडशी, म्हणजेच कुलू, पहिल्या पावसानंतर गवतासारख्या लांब पानांनी उगवते. तिची पाने जमिनीलगत कापली, तर खालची मुळे पुढच्या वर्षासाठी राहतात. उपटली, तर ते झाड संपते. औषधासाठी अतोनात खणली गेलेली सफेद मुसळी याच वंशातील असल्यामुळे मुळासकट काढण्याचा परिणाम काय होतो हे वेगळे सांगावे लागत नाही. कवदर किंवा रानकेळ हिची गोष्ट मात्र निराळी आहे. ती काही वर्षे वाढते, आयुष्यात एकदाच फुलते आणि मरते. लागवडीच्या केळीप्रमाणे तिला बुंध्याशी पिल्ले येत नाहीत, तिची वाढ केवळ बियांपासून होते. तिचे केळफूल किंवा गाभा काढणे म्हणजे पुढची पिढीच काढून घेणे होय, आणि म्हणून बाजारासाठी तिची तोड करणे कोणत्याही अंगाने समर्थनीय ठरत नाही.

रानभाज्यांविषयीच्या या पारंपरिक ज्ञानाची शास्त्रीय नोंद घेण्याचे मोठे काम पुण्यातच झाले. 1946 साली स्थापन झालेल्या आणि आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेतील वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. वा. द. वर्तक यांनी महाराष्ट्र व गोव्याच्या डोंगराळ भागातील खाद्य रानवनस्पतींचा अभ्यास केला, आणि परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांच्यासह सह्याद्रीतील देवरायांवर 1976 मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. देवाच्या नावाने राखलेल्या या वनांमुळे आजूबाजूच्या उघड्या पडलेल्या डोंगरांवरून नाहीशा झालेल्या अनेक जाती टिकून राहिल्या.

आता कृषी विभागाच्या रानभाजी महोत्सवांमुळे आणि शहरी ग्राहकांच्या उत्सुकतेमुळे मागणी वाढत आहे. ही उत्सुकता स्वागतार्ह असली, तरी तिचा सगळा भार रानावर पडणे घातक आहे. त्यामुळे या वनस्पती बांधावर आणि परसात लावणे हाच खरा उपाय दिसतो. करटोली त्यासाठी सर्वांत योग्य आहे. मात्र तिच्या नर व मादी वेली वेगळ्या असतात आणि फुले येईपर्यंत त्यांतील फरक कळत नाही. बियांचे कवचही कठीण असल्याने उगवण अनियमित होते. म्हणून ओळख पटलेल्या वेलींचे कंद लावणे श्रेयस्कर ठरते आणि साधारण दहा मादी वेलींमागे एक नर वेल राखली जाते. कीटक कमी असतील तेथे नर फुलातील परागकण हाताने मादी फुलावर लावावे लागतात. भारंगीचे झुडूप फांदीच्या छाटापासून येते. तिचा कोवळा पाला उकडून, कडू पाणी पिळून टाकून वालाच्या डाळिंब्यांबरोबर शिजवतात. कडू करांद्याच्या वेलीवर पानांच्या बेचक्यात लहान कंद धरतात आणि तेच लागवडीला चालतात, म्हणजे जमीन खणण्याची गरजच उरत नाही. ते खाण्यापूर्वी मात्र कडवटपणा जाईपर्यंत पुन्हापुन्हा उकडून पाणी टाकून द्यावे लागते.

ओळखीशिवाय कंद खाणे जिवावर बेतू शकते. याच डोंगरांत वाढणाऱ्या कळलावीच्या कंदात कोल्चिसिन हे तीव्र विष असते.

2006 च्या वन हक्क कायद्याने गौण वनोपजात कंदमुळांचाही समावेश करून ती गोळा करण्याचा पारंपरिक हक्क वननिवासींना दिला आहे. शहरातून येणाऱ्या हौशी मंडळींना तो लागू होत नाही, आणि 2013 मध्ये घोषित झालेल्या ताम्हिणी अभयारण्यातून तर परवानगीवाचून काहीही आणणे बेकायदा आहे. ज्यांना या भाज्या हव्यात त्यांनी त्या पौड-पिरंगुटच्या बाजारात विकायला बसणाऱ्या बायकांकडून योग्य दामाने घ्याव्यात, शिजवण्याची रीत त्यांच्याकडूनच समजून घ्यावी आणि लागवडीसाठी कंद हवे असल्यास ते रानातून न खणता आधीच लागवड केलेल्या शेतकऱ्याकडून, पाऊस सुरू होण्यापूर्वी मागून आणावेत.