मुळाशी पूर, शेंड्याला दुष्काळ

हा लेख तुमच्या हातात पडेल तेव्हा निम्म्या घरांतून कुणी ना कुणी ओल्या केसांना पंचा गुंडाळून बसलेले असेल. रविवार हा नोकरदार बायकांचा न्हाण्याचा वार. बँकेतली सदतीस वर्षे मीही रविवारीच न्हाले. सोमवारी संध्याकाळपर्यंत टाळूवर तेलाचा तवंग यायचा, मंगळवारी कपाळाजवळचे केस चिकटून बसायचे, आणि त्याच वेणीचा शेवट मात्र झिजलेल्या केरसुणीसारखा. दुकानात शॅम्पूची बाटली घ्यायला गेले की दोन प्रकार समोर यायचे, ‘तेलकट केसांसाठी’ आणि ‘कोरड्या केसांसाठी’. मी कोणत्या रांगेत उभे राहायचे? एकदा दुकानदाराला तसे विचारलेही. तो म्हणाला, ‘मॅडम, दोन्ही घेऊन जा.’ तो विनोद करत होता. पण त्याचे उत्तर बरोबर होते, हे कळायला मला फार वर्षे लागली. त्याआधी ते मला एका म्हातारीने सांगितले होते आणि मी ऐकले नव्हते.

१९८९ साली माझी बदली भोरला झाली. मुलगी तेव्हा पाच वर्षांची. भोर म्हणजे पंतसचिवांचे जुने संस्थान. राजवाडा, नीरेचा घाट, आणि गावाला लागूनच १९२० च्या दशकात बांधलेले भाटघरचे धरण. पुढे वेल्ह्याच्या बाजूची कर्जेही माझ्याकडे आली. (२०२४ मध्ये सरकारने या तालुक्याचे नाव राजगड करायचे ठरवले. माझ्या तोंडी मात्र वेल्हेच बसले आहे.) त्या काळी एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रमातून म्हशी-शेळ्यांसाठी कर्जे दिली जात, आणि म्हैस खरोखर दावणीला आहे की नाही, तिच्या कानात विम्याचा बिल्ला आहे की नाही, हे बघायला साहेबाने वाडीवर जायचे असे. साहेब म्हणजे मी. वाडीवरचे लोक आधी माझ्या मागून आणखी कुणी येतेय का ते बघत.

मे १९९० मधली गोष्ट. तोरण्याच्या पायथ्याची एक वाडी. पावसाळ्यात जिथे चार-चार दिवस सूर्य दिसत नाही, तिथे मे महिन्यात बायका पाण्यासाठी अर्धा डोंगर उतरत होत्या. धरण उशाला नि कोरड घशाला, हे वाक्य आपण वर्तमानपत्रात इतके वाचतो की त्याची धार गेली आहे. पण खाली निळे पाणी दिसत असताना डोक्यावर हंडा घेऊन चढ चढणारी बाई पाहिली की ते पुन्हा बोचते. म्हैस होती, बिल्लाही होता. मी ओट्यावर टेकले. अंगणात एक आजी आपल्या तेरा-चौदा वर्षांच्या नातीला न्हाऊ घालत होती. पाणी होते एक हंडा. अख्ख्या मुलीचे डोके, आणि गुडघ्यापर्यंत नसले तरी कमरेखाली पोचणारे केस.

मी बघत राहिले, कारण मला एका न्हाण्याला दोन बादल्या लागायच्या. आजीने शिकेकाई रात्री भिजवून, कढवून गाळून घेतली होती. ते पाणी तिने फक्त टाळूवर ओतले आणि बोटांच्या पेरांनी, नखे न लावता, मुळे चोळली. शेंड्यांना हातसुद्धा लावला नाही. मुळांवरून जे ओघळले, त्यात शेंडे आपोआप धुऊन निघाले. मग साधे पाणी. केस पंच्याने न झटकता नुसते दाबून टिपले, आणि ते ओलसर असतानाच तळहातावर कारळ्याच्या तेलाचे चार थेंब घेऊन फक्त खालच्या वीतभर केसांतून हात ओढला. खाली वाहिलेले पाणी केळीच्या बुंध्याकडे वळवलेले होते.

‘आजी, डोक्याला तेल नाही लावायचं?’ मी विचारले.

‘मुळाला कशाला? त्येला काय कमी हाय? त्ये आपलं आपून पाझरतंय. श्येंड्याला कोन घालतंय तेल? आपूनच घालायचं.’ मग तिने माझ्या वेणीचा शेवट बोटांत धरून पाहिला आणि म्हणाली, ‘सुतळी झाली की गं बाय. एवढी शिकलेली तू!’

मी हसले, चहा प्यायले, आणि शाखेत परत येऊन म्हशीचा तपासणी अहवाल लिहिला. आजीचे म्हणणे त्यात येण्याचे कारण नव्हते.

आता ते म्हणणे जरा पुस्तकातून पडताळून पाहू. केस त्वचेतून जिथून उगवतो तिथे त्याला चिकटून तैलग्रंथी असतात. तेल तयार होते ते फक्त तिथे. केसाच्या लांबीवर कुठेही दुसरा झरा नाही. मुळाशी सुटलेले तेल केसावरून खाली उतरायचे असते. केस सरळ आणि आखूड असेल तर ते उतरते. केस कुरळा असला की प्रत्येक वळणावर अडते. लांब असला तर निम्म्या वाटेतच संपते. शिवाय केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे साठ सेंटिमीटरच्या वेणीचे टोक पाच वर्षांचे असते. त्या दिवशी आजीने बोटांत धरलेला माझा शेंडा मी भोरची पाटी पाहिली त्याच्या कितीतरी आधी टाळूतून बाहेर आला होता. पुण्याचा धूर, एसटीच्या खिडकीतला वारा, दर रविवारचा फेस, ओल्या केसांत ओढलेला कंगवा, सगळे त्याने सोसलेले. केस हा मेलेला पदार्थ आहे, तो स्वतःची डागडुजी करत नाही. त्याच्या अंगावर कौलांसारखे खवले असतात. ते उचकटले की ओल टिकत नाही, केस एकमेकांत अडकतो आणि शेवटी टोकाला दुभंगतो.

मुळाचे केस आणि टोकाचे केस ही एकाच घरातली दोन वयाची माणसे आहेत, एक कालचे पोर आणि एक पाच वर्षे राबलेले. आपण दोघांना एकच औषध पाजतो.

भोरनंतर मी काही वर्षे इंदापूरच्या बाजूला होते. भाटघरचे पाणी नीरेतून आणि पुढे कालव्याने तिकडे जाते. नीरा डावा कालवा १८८० च्या दशकापासून वाहतो आहे. पीककर्जाच्या निमित्ताने मी कालव्याची दोन्ही टोके पाहिली. मुखाजवळच्या शेतकऱ्याने पाणी मिळते म्हणून इतके दिले की जमीन क्षारपड झाली. आणि ‘टेल’चा शेतकरी, म्हणजे शेपटाकडचा, आवर्तनाची वाट बघत उभा ऊस वाळताना पाहत बसला. तिथे मला आजी आठवली. नुसती आठवली. घरी येऊन मी पुन्हा मुलीच्या टाळूवर वाटीभर खोबरेल ओतले.

कारण तेल म्हणजे माया, हे आपल्याकडे बाळाची टाळू भरण्यापासून सुरू होते. आणि खरे सांगायचे तर मुलगी सहा वर्षांची असताना त्यात काही बिघडत नव्हते. लहान मुलांच्या तैलग्रंथी झोपलेल्याच असतात. वयात येताना संप्रेरकांच्या हुकमाने त्या जाग्या होतात. बारा-तेराव्या वर्षी माझ्या मुलीची टाळू स्वतःच पाझरू लागली, आणि मी मात्र सहा वर्षांच्या मुलीचाच नेम पाळत राहिले. रोज सकाळी तेल, घट्ट दोन वेण्या, रविवारी फेस. तिचे केस माझ्यासारखेच, वर कुरळे. शाळेत मुली तिला ‘घाणा’ म्हणत, हे मला पुढे कळले. कपाळावर केसांच्या रेषेलगत पुटकुळ्यांची रांग उठली. मी म्हटले, उष्णता आहे, चॉकलेट बंद कर. डोक्याला चोपडलेले तेल कपाळावर ओघळून त्वचेची छिद्रे बंद करते आणि त्याने अशा पुटकुळ्या येतात, हे त्वचेच्या डॉक्टरांना जुने माहीत आहे. कोंडाही झाला, त्यावर मी तेल गरम करून लावले. कोंड्यामागे एक सूक्ष्म बुरशी असते आणि टाळूवरचे तेल हे तिचे अन्न. मी तिला घासभर जास्तच वाढत होते.

१९९९ मध्ये, पंधराव्या वर्षी, मुलीने दिवाळीचे साठवलेले पैसे घेऊन वेणी कापून घेतली. कापलेली वेणी कागदी पिशवीत घालून तिने जेवणाच्या टेबलावर ठेवली होती. मी ओरडले असते तर बरे झाले असते. मी आठ दिवस तिच्याशी बोलले नाही. बँकेत थकबाकीदारांशीसुद्धा मी असे वागले नाही.

असो. आता जे करते ते सांगते. ज्यांची टाळू तेलकट आणि टोके कोरडी, त्यांनी आठवड्यातून एकदाच न्हायचे हा नेम सोडावा. जास्त वेळा धुतल्याने ग्रंथी चिडून जास्त तेल सोडतात, असे बायका छातीठोकपणे सांगतात. पण ग्रंथींना शॅम्पूचा पत्ताही नसतो, त्या संप्रेरकांचे ऐकतात. एक दिवसाआड धुतले तरी चालते. जपायचे ते शेंड्यांना. धुण्याच्या आधी अर्धा तास, केस कोरडे असताना, कानाखालच्या केसांना थोडे खोबरेल लावावे. खोबरेलच का, तर ते केसाच्या आत शिरते. मुंबईतल्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खोबरेलाने धुण्यातली प्रथिनांची झीज कमी होते, सूर्यफुलाच्या किंवा खनिज तेलाने होत नाही, असे दिसले होते. (आजीकडे कारळा होता, कारण शेतात कारळा होता. तोही केसावर चढून त्याला मऊ ठेवतो.) मग सौम्य शॅम्पू फक्त टाळूला, पेरांनी. केसांचा बोचका डोक्यावर घेऊन चोळू नये. नंतर कंडिशनर फक्त खालच्या निम्म्या केसांना. ते मुळाला लावले की दुसऱ्या दिवशी तवंग आलाच. फणी आधी शेंड्यातून, मग मधून, शेवटी मुळातून. आणि दोन-तीन महिन्यांनी बोटभर टोके कापावीत. दुभंगलेला केस कोणत्याही तेलाने सांधत नाही, जाहिरात काही म्हणो.

शिकेकाईचे काय, असे तुम्ही विचारणारच. सह्याद्रीच्या रानात ही काटेरी वेल अजून भेटते. तिच्या शेंगेतला फेसाळ अंश साबणापेक्षा सौम्य असतो. पण वापरायची तर आजीसारखी कढवून, गाळून. नुसती भरड पूड चोळली तर ती केसाला खरवडते आणि केसांत अडकून बसते. रिठा जास्त जोरकस, कोरड्या टोकांना तो नकोच. अंगाचा साबण तर मुळीच नको. बोअरच्या जड पाण्यात त्याचा चिकट साका केसांवर बसतो, टाळूवरचा तेलकटपणाही जात नाही आणि शेंडे राठ होतात.

शॅम्पूच्या पुड्यांवर नाक मुरडायची आपल्यात पद्धत आहे. मी मुरडत नाही. तमिळनाडूतल्या छोट्या उत्पादकांनी १९८० च्या सुमारास ही पुडीची युक्ती काढली आणि पाहता पाहता वेल्ह्याच्या टपरीवर तिच्या माळा लोंबू लागल्या. ज्या सुनेला पहाटे पाणी भरून कामावर जायचे आहे, तिने शिकेकाई कधी कढवायची? तिने पुडी घ्यावी, वाटीभर पाण्यात पातळ करावी आणि फक्त मुळांना लावावी. अर्धी पुडी पुरते, आणि फेस कमी म्हणजे पाणीही कमी. हंडा डोक्यावरून आणणाऱ्या बाईला हा हिशेब मी सांगायला नको.

एक मात्र सांगते. टाळू अचानक फार तेलकट झाली, सोबत पुटकुळ्या आणि पाळीची गडबड असेल, किंवा सगळेच केस राठ होऊन गळू लागले, अंगाला मरगळ आली, तर तेल बदलत बसू नये. डॉक्टरांकडे जाऊन थायरॉइड, रक्तातले लोह, अंडाशयाची तपासणी करून घ्यावी. त्या आजाराचे उत्तर बाटलीत नसते.

गेल्या दिवाळीत मुलगी आणि बारा वर्षांची नात आल्या होत्या. नातीचे केस आमच्याच वळणाचे. नरकचतुर्दशीला पहाटे मी वाटी घेऊन बसले तेव्हा मुलगी दारात उभी होती. काही बोलली नाही, पण माझ्या हातावर तिची नजर होती. मी नातीच्या टाळूवर पहिल्या दिवसाच्या मानाचा एक थेंब टेकवला आणि बाकीचे तेल वेणीच्या खालच्या वीतभर केसांतून ओढले. तोरण्याच्या पायथ्याच्या आजीची गोष्ट सांगितली. नातीने विचारले, ‘तुला हे तेव्हाच माहीत होतं? मग आईला का नाही लावलंस असं?’

मी म्हटले, ‘ऐकलं होतं. केलं नाही.’

मुलगी थोडा वेळ तशीच उभी राहिली. मग चौरंगाशी येऊन माझ्याकडे पाठ करून बसली आणि क्लिप काढून खांद्यापर्यंतचे केस मोकळे सोडले. ‘शेंड्यांनाच,’ ती म्हणाली. वाटीत तेल थोडेच उरले होते, पण तेवढे पुरले.