युरोपातली पीएचडी: फी विचारू नका, पगार विचारा

"पोराला जर्मनीत कॉम्प्युटरमध्ये पीएचडी करायची आहे. साधारण किती लाख धरून चालायचं?" इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांचे पालक हे विचारतात, आणि कर्जाची चौकशी बँकेत आधीच करून आलेले असतात. एकाने तर फ्लॅट तारण ठेवायची तयारी केली होती. त्यांना पहिल्यापासून सांगावं लागतं: काका, ही नोकरी आहे. नोकरीला फी नसते.

ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही, म्हणून आकडेच पाहू. जर्मनीत सरकारी विद्यापीठातला डॉक्टरेटचा उमेदवार बहुतेकदा 'संशोधन सहकारी' म्हणून नेमला जातो आणि त्याला राज्य सरकारांच्या वेतनश्रेणीतली ई १३ ही पायरी लागते. पूर्ण पदाला २०२५ मध्ये सुरुवातीचा पगार कर कापण्याआधी महिना सुमारे साडेचार हजार युरो होता. एकट्या माणसाच्या हातात त्यातले साठ टक्क्यांच्या आसपास येतात. बाकीच्यात कर, आरोग्य विमा, पेन्शन, बेकारी विमा हे सगळं आलं. सर्वच शाखांत पूर्ण पद मिळत नाही, अर्धं किंवा पाऊण पद देण्याची पद्धत बऱ्याच विषयांत आहे. पण कॉम्प्युटर सायन्स आणि इंजिनीअरिंगमध्ये पूर्ण पद नेहमीचं, कारण उद्योग या पोरांना लगेच उचलतात आणि विद्यापीठाला त्यांच्याशी स्पर्धा करावी लागते. नेदरलँड्समध्ये विद्यापीठांच्या सामूहिक वेतन करारात डॉक्टरेटवाल्यांची वेगळी श्रेणीच आहे: सप्टेंबर २०२४ मध्ये पहिल्या वर्षी महिना २,९०१ युरो, चौथ्या वर्षी ३,७०७ मिळत होते, शिवाय सुट्टीचा आणि वर्षाखेरीचा भत्ता. स्वीडनमध्येही 'डॉक्टरांड' हा कर्मचारीच. आजारपणाची रजा, बाळंतपणाची रजा, सगळं लागू.

मग हा लाखांचा आकडा आला कुठून? मास्टर्समधून. स्वीडनने २०११ मध्ये युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना फी लावली, जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याने २०१७ मध्ये, नॉर्वेने २०२३ मध्ये, म्युनिकच्या तंत्र विद्यापीठाने २०२४ मध्ये. डेल्फ्टसारख्या ठिकाणी आपल्याकडच्या विद्यार्थ्याला मास्टर्सची फी वर्षाला वीस हजार युरोंच्या वर जाते. या बातम्या खऱ्याच आहेत, पण त्या सगळ्या बॅचलर आणि मास्टर्सच्या. डॉक्टरेटला ती फी लागू नाही. फ्रान्सने २०१९ मध्ये परदेशी विद्यार्थ्यांची फी वाढवली, तेव्हाही डॉक्टरेटवाल्यांना वगळलं. त्यांना वर्षाला चारशे युरोंच्या आतली नोंदणी फी पुरते. जर्मनीत दर सहामाहीला एक वर्गणी भरावी लागते. ती शंभर ते चारशे युरोंच्या घरात असते आणि बऱ्याच शहरांत तिच्यातच बस-ट्रामचा पास येतो.

गोंधळ टिकून राहण्याचं आणखी एक कारण आहे, ते मात्र भाबडं नाही. परदेशी शिक्षणाच्या दुकानांचं उत्पन्न फी भरणाऱ्या विद्यार्थ्यावर चालतं. नोकरीच्या जाहिरातीवर त्यांना कोण कमिशन देणार? म्हणून पीएचडीचं विचारायला गेलेल्या मुलाला 'आधी मास्टर्सचं पॅकेज घ्या' असं सांगितलं जातं, नाहीतर 'पीएचडी ॲडमिशन सहाय्य' या नावाखाली रक्कम उकळून शंभर प्राध्यापकांना एकच मेल पाठवला जातो. "आदरणीय महोदय, आपल्या थोर संशोधनाने मी भारावून गेलो आहे." कोणतं संशोधन, ते मेलमध्ये कुठेच नाही. तो कुठे जातो, हे सांगायला नको.

'ॲडमिशन' हा शब्दच मुळात डोक्यातून काढला पाहिजे. प्राध्यापकाला युरोपीय संशोधन परिषदेकडून किंवा आपल्या देशाच्या निधीसंस्थेकडून प्रकल्पाचे पैसे मिळाले, की तो जाहिरात देतो: दोन माणसं हवीत, विषय अमुक, सुरुवात तमुक महिन्यात. ती 'युरॅक्सेस' या संकेतस्थळावर येते, नेदरलँड्सची 'ॲकॅडमिक ट्रान्सफर'वर, नाहीतर विद्यापीठाच्या नोकऱ्यांच्या पानावर, वर्षभरात कधीही. अर्ज, मुलाखत, कधी एखादा जुना शोधनिबंध वाचून त्यावर बोलायला लावतात, मग नेमणूकपत्र. ठरलेल्या तारखा असलेल्या एकत्रित प्रवेशयोजनाही आहेत. व्हिएन्नाजवळच्या क्लोस्टरनॉयबुर्गमधली इस्टा ही संस्था अर्ज ८ जानेवारीपर्यंत घेते. लोझानच्या इपीएफएल या तंत्र विद्यापीठात आधी कॉम्प्युटर सायन्सच्या डॉक्टरल स्कूलकडे अर्ज करायचा असतो.

नोकरी म्हटल्यावर दुसरी बाजूही आली, आणि ती ऐकल्यावर काहींचा चेहरा पडतो. विषय आपण ठरवत नाही. मशीन लर्निंगच्या नावाने अर्ज केला, तरी प्रकल्प रेल्वेच्या सिग्नल यंत्रणेची गणिती पडताळणी करण्याचा असेल, तर तेच करायचं. स्वीडनमध्ये एकूण कामाचा पाचवा हिस्सा शिकवण्यात जाऊ शकतो, त्यामुळे चार वर्षांचं काम पाच वर्षं चालतं. नेदरलँड्समध्ये साधारण पहिल्या वर्षानंतर मूल्यमापन होतं आणि त्यावर पुढचा करार अवलंबून असतो. जर्मन कायद्यात डॉक्टरेटआधीच्या मुदतीच्या करारांना साधारणपणे सहा वर्षांची मर्यादा आहे. त्यामुळे 'तीन वर्षांत पीएचडी' हे वाक्य फ्रान्सच्या करारापुरतं ठीक. जर्मन इंजिनीअरिंगमध्ये चार-पाच वर्षं धरून चालावं.

ब्रिटन या सगळ्याला मोठा अपवाद. तिथे डॉक्टरेटवाला विद्यार्थीच असतो, फी असते, आणि परदेशी विद्यार्थ्याला ती जबर पडते. सरकारी संशोधन निधीच्या शिष्यवृत्त्या २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांना खुल्या झाल्या, पण त्यांच्यासाठी जास्तीत जास्त तीस टक्के जागा. म्हणजे कर्जाची भीती पूर्णपणे खोटी नाही; ती मुख्यतः एका देशाची आहे आणि आपण ती सगळ्या खंडावर पसरवून ठेवली आहे.

आता बाकीचे गैरसमज. 'बीई झालं की थेट पीएचडी' ही अमेरिकेची सवय. युरोपात बहुतेक ठिकाणी मास्टर्स लागतं, अपवाद इस्टा, झुरिकच्या इटीएचचा थेट डॉक्टरेट मार्ग, जारब्रुकेनची माक्स प्लांक शाळा असे मोजके. एमटेक झालेल्याने पुन्हा तिकडे मास्टर्स करायची गरज सहसा नसते. जीआरई फारसं कुणी विचारत नाही. जर्मन आली तर घर शोधताना सुख. प्रयोगशाळेचं काम इंग्रजीत चालतं. 'डॉ.-इंग.' ही पीएचडीपेक्षा दुय्यम पदवी नाही, जर्मन इंजिनीअरांची ती डॉक्टरेटच आहे.

रँकिंगचा मात्र राग येतो. यादीतली पहिली पन्नास विद्यापीठं पाहून अर्ज करणाऱ्याला ॲमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संशोधन संस्था दिसतच नाही, कारण ती पदव्या देत नाही. पण पायथन भाषा तिथेच जन्मली आणि संगणकशास्त्रज्ञ डाइक्स्ट्रांनीही तिथेच, तिचं नाव वेगळं होतं तेव्हा, काम केलं. फ्रान्सची इन्रिया आणि जर्मनीच्या माक्स प्लांक संस्थाही तशाच. काम तिथे करायचं, पदवी जवळच्या विद्यापीठाची घ्यायची. रँकिंगऐवजी मार्गदर्शकाचे गेल्या तीन वर्षांतले शोधनिबंध आणि त्याच्याकडून बाहेर पडलेले विद्यार्थी आता कुठे आहेत, हे पाहावं.

आणि एक नियम, जो माहीत नसल्याने हातची संधी जाते. युरोपीय संघाच्या मारी स्क्लोडोव्स्का-क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या जागा कोणत्याही देशाच्या नागरिकाला खुल्या आहेत आणि पगारही चांगला. पण ज्या देशातली जागा आहे, त्या देशात नेमणुकीआधीच्या छत्तीस महिन्यांत बारा महिन्यांहून जास्त राहिलेला उमेदवार चालत नाही. आखेनमध्ये नुकतंच दोन वर्षं मास्टर्स केलेल्या पुण्याच्या मुलीला त्याच नेटवर्कमधली जर्मन जागा मिळणार नाही, पण नेदरलँड्समधल्या आयंडहोवनची मिळू शकेल. दोन्ही शहरांमध्ये अंतर शंभर किलोमीटरच्या आसपास. तिने नकाशा घेऊन बसावं, आणि आधी जाहिरातीतलं पात्रतेचं कलम वाचावं.