बरा झालेला खोकला परत येतो तेव्हा

मुखेडला बँकेत होतो तेव्हाची गोष्ट. मोंढ्यात हमाली करणारे एक मामा आमच्या शाखेचे जुने खातेदार होते. त्यांना क्षय झाला होता आणि औषधांचा कोर्स पुरा करून ते बरेही झाले होते. दोनेक वर्षांनी खोकला परतला, थुंकीतून रक्त पडू लागले, अंग वाळत चालले. बेडक्यात क्षयाचे जंतू सापडत नव्हते, तरी क्षयाच्याच गोळ्या पुन्हा सुरू झाल्या. एकदा नव्हे, दोनदा. मुदत ठेव मोडायला आले तेव्हा मी शहाणपणाने म्हणालो, "मामा, मधेच गोळ्या सोडल्या असतील तुम्ही."

"न्हाई सायब, एक बी गोळी चुकवली न्हाई बघा."

ते खरे बोलत होते. पुढे मोठ्या शहरातल्या एका डॉक्टरांनी त्यांना कुशीवर झोपवून एक्स-रे काढला, तर छातीतला गोल डाग जागेवरून सरकलेला! क्षयाने पोखरलेल्या पोकळीत बुरशीचा गोळा वाढला होता. शस्त्रक्रिया झाली, मामा वाचले. पण ठेव संपली होती आणि गावाकडचा जमिनीचा तुकडाही विकला गेला होता.

या बुरशीचे नाव अ‍ॅस्परजिलस. मिकेली नावाच्या इटालियन धर्मगुरू-वनस्पतिशास्त्रज्ञाने १७२९ साली ते ठेवले. तिचा आकार त्याला चर्चमध्ये तीर्थ शिंपडण्याच्या साधनासारखा वाटला. कुजका कडबा, ओलसर धान्य, उकिरडा अशा ठिकाणी ती वाढते. तिचे बीजकण आपण सारेच रोज श्वासाबरोबर घेतो आणि धडधाकट फुप्फुस ते बाहेर काढून टाकते. क्षय बरा झाल्यावर राहिलेल्या पोकळीत मात्र त्यांना आयते घर मिळते. ब्रिटनमध्ये १९६०च्या दशकात अशा पोकळ्या राहिलेल्या पाचशेहून अधिक रुग्णांची पाहणी झाली, तेव्हा सुमारे चौथ्या हिश्श्याच्या रक्तात या बुरशीविरुद्धची प्रतिद्रव्ये आढळली. जगातल्या क्षयरोग्यांपैकी सुमारे पाव हिस्सा आपल्या देशात आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे प्रश्न किती मोठा ते कळते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली घातक बुरशींची यादी केली, तीत अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस सर्वांत वरच्या गटात आहे.

दम्याच्या काही रुग्णांतही ही बुरशी वेगळे सोंग घेते. तिच्या अ‍ॅलर्जीने दमा आटोक्यात येत नाही, तपकिरी गुठळ्या पडतात, एक्स-रेवर डाग दिसतात आणि क्षयाचा शिक्का बसतो. २०२१ मध्ये कोरोनानंतर आलेला म्युकरमायकोसिस निराळा. तो दिवसांत झडप घालतो. ही बुरशी महिनोन्‌महिने पोखरत राहते.

मग करावे काय? खोकला परतला की आधी बेडक्याची तपासणी करावीच, कारण क्षयही उलटतो. चालू असलेली औषधे मनाने बंद करू नयेत. पण जंतू सापडत नसतील, तर डॉक्टरांना नम्रपणे विचारावे, "बुरशी तर नसेल ना?" सीटी स्कॅन आणि रक्तातली प्रतिद्रव्यांची तपासणी यांवरून बहुधा उलगडा होतो, दम्याच्या रुग्णांत आयजीईची तपासणी करतात. बुरशीवर इट्राकोनॅझोलसारखी औषधे आहेत. ती महिनोन्‌महिने घ्यावी लागतात. क्षयावरचे रिफाम्पिसिन या औषधाचा प्रभाव फार कमी करते, म्हणून दोन्ही सोबत देणे टाळतात. निदान नेमके हवे, ते यासाठीही. गोळा एकाच जागी असेल आणि रक्त फार पडत असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

बँकेत चेकवरची सही कितीही ओळखीची वाटली, तरी नमुना सहीशी ताडून पाहिल्याशिवाय आम्ही पैसे देत नसू. मामांच्या बाबतीत मात्र मी काहीच न ताडता शेरा मारून मोकळा झालो होतो. रोगी बरा होत नाही, तेव्हा दोष त्याचाच असतो असे नाही. हे मला एका हमालाने शिकवले, आणि त्याची किंमतही त्यानेच मोजली.